जाड पत्र्याची गाडी

३ मार्च

चि. ठकीस,
अ. आ.

तुझं पत्र आलं तेव्हा दुकानात एका आजोबांना अक्षरांचा तक्ता वाचायला लावला होता. त्यांना तसंच बसवून आधी पत्र वाचलं. गाड्यांचा विषय निघाला की मला चष्म्याचं गिऱ्हाईक दिसत नाही, हे तुझी वहिनी सांगतेच.

मेहुणेबुवांनी पसंत केलेली ती नवी गाडी मुळीच घेऊ नका. बोटानं दाबलं तरी पत्र्याला पोचा पडतो. बिस्किटांचा डबा नुसता! म्हणे सहा एअरबॅग. ज्यांना चालवता येत नाही त्यांनी फुगे घेऊन बसावं. मागचं बघायला कॅमेरा, मग देवानं मान कशाला दिली? माझ्या ओळखीचा मेकॅनिक बारा वर्षांची एक गाडी विकायला काढतोय. जाड पत्रा, रस्त्याला धरून चालते. दार लावलं की काय भारदस्त आवाज येतो! रेडिओवर बातम्या वाचणाऱ्याला आवाजाची पारख असणारच; त्यांना नुसतं दार लावून दाखव.

लोभ आहेच, त्यात भर पडू दे.
तुझा दादा

१९ एप्रिल

ती. दादास,
सा. न. वि. वि.

गाडी आली. ह्यांनी चार वेळा दार लावून पाहिलं आणि खूश झाले. मी मेकॅनिकला विचारलं, एखादी तरी एअरबॅग आहे का? तो हसला. दिवसभर कवळ्या घडवणारी बाई मी, केसाएवढी फट राहिली तरी मला चैन पडत नाही. पण ह्यांनी गप्प केलं. म्हणाले, तुला दातांतलं कळतं, दादांना गाड्यांतलं.

एकच कटकट आहे. पट्टा लावला नाही की गाडी पिरपिर करते. हे म्हणतात, बातम्यांना जाताना अवघड नावं मनात घोळवायची असतात, त्यात ही पिरपिर. मग लावा की पट्टा, तर म्हणे शर्टाची इस्त्री मोडते. रेडिओवर कुणाला दिसते रे इस्त्री? तू समजाव. तुझं ऐकतात.

माया अशीच राहू दे.
तुझी ठकी

४ मे

चि. ठकीस,
अ. आ.

समजावायचं काय त्यात? सोबत एक लोखंडी चिमटी पाठवतोय. पट्ट्याच्या खाचेत खुपसली की गाडीला वाटतं पट्टा लावलाय, आणि पिरपिर बंद. माझ्या गाडीत कित्येक वर्षं हीच आहे, अंगावर ओरखडा नाही. शहरातल्या शहरात पट्टा म्हणजे घरात छत्री. उगाच काळजी करून वाळू नकोस.

लोभ आहे, आणखी काय लिहू!
तुझा दादा

१० सप्टेंबर

दादास,

जुलैत तू इस्पितळात आलास, दाराशी उभा राहिलास आणि पहिलं काय विचारलंस, तर वेग किती होता. आता सांगते. चाळीससुद्धा नव्हता. पुढची दुधाची गाडी अचानक थांबली, ह्यांना थांबता आलं नाही. तुझ्या जाड पत्र्याला काही झालं नाही, एक दिवा फुटला. ह्यांचं तोंड स्टिअरिंगवर आपटलं. जबडा दोन ठिकाणी मोडला, अकरा दात गेले, जिभेला सात टाके.

कवळी मीच केली. नवऱ्याच्या तोंडाचा साचा टेबलावर ठेवून, लग्नातला फोटो बघत एकेक दात लावला. पण जिभेचं मी काय करणार? रेडिओवाल्यांनी त्यांना जुन्या टेपा लावायच्या खोलीत बसवलंय.

काल वहिनी भेटायला आली. बोलता बोलता म्हणाली की एप्रिलात तू लेकीला गाडी घेतलीस. तीच, सहा एअरबॅगवाली. पट्टा लावल्याशिवाय चावी फिरवायची नाही, अशी शपथही घातलीस. आणि मे महिन्यात मला चिमटी पाठवलीस. दादा, खरं का हे?

तुझी बहीण

१८ सप्टेंबर

चि. ठकीस,

खरं आहे. लेकीच्या हातात परवाना आला आणि माझी सगळी मतं गळून पडली. तुला कळवायला हवं होतं, पण इतकं बोलून बसलो होतो की लाज वाटली. आयुष्यभर मी गाड्यांवर बोलत आलो. लोक हसतात, चष्मा घेतात आणि जातात. मेहुणेबुवांनी पहिल्यांदा माझं ऐकलं. तो मोठेपणा मला सोडवेना. त्यांच्या पायावर डोकं ठेवायला येऊ का? क्षमा.

दादा

३० सप्टेंबर

दादास,

ह्यांना उच्चार शिकवणाऱ्या बाईंनी रोज एक पान मोठ्यानं वाचायला सांगितलंय. काल तुझं पत्र टेबलावर होतं, ह्यांनी तेच उचललं. लाळ पुसत, थांबत थांबत सगळं वाचलं. शेवटच्या शब्दाशी अडले. 'क्ष' काही केल्या निघेना. सहा-सात वेळा प्रयत्न केला, घाम आला. मग पत्राची नीट घडी करून म्हणाले, उद्या पुन्हा बघू.

त्यांचा तुझ्यावर राग नाही. ते प्रयत्न करतायत. मी अजून केलेला नाही.

येऊ नकोस. वहिनीला नमस्कार, लेकीला आशीर्वाद. लोभाचं या खेपेला लिहीत नाही.

तुझी बहीण