खरखरीचं गाणं

मखमलाबाद, नाशिक
८ जानेवारी २०२४

ती. ताईस,
कुंदनचा शि. सा. नमस्कार वि. वि.

फोनवर तू रडतेस आणि मी चिडतो, म्हणून हे पत्र. अण्णांना लकवा मारून महिना झाला. वाचा गेली ती गेलीच. उजव्या हाताचं एक बोट तेवढं हलतं. आवडीचं काही कानावर पडू द्या, असं डॉक्टर म्हणाले. शेवंती फवारताना अण्णा पंपाला गाण्यांचा डबा अडकवायचे ना, तो उशाशी ठेवलाय. कार्डात साडेनऊशे गाणी, तीही उलटसुलट लागणारी. काल अभंगामागून कव्वाली, मग अहिराणी लग्नगीत, मग वरातीचा बँड आणि वर इंग्रजीत किंचाळणारी कोणी बाई! हा माणूस हे कधी ऐकायचा गं?

एक मात्र खराब आहे, नुसती खरखर. ती लागली की अण्णांचं बोट उठतं. कान किटत असणार. मी लगेच पुढचं लावतो.

तुझ्या लोभातला माझा वाटा राखून ठेव.
कुंदन


मनमाड
१३ जानेवारी

चि. कुंदनास,
अ. उ. आ.

पत्र वाचून आधी हसले, त्या नादात पोळी करपली. ती किंचाळणारी बाई माझी रे! कॉलेजात असताना मीच मोबाइलच्या दुकानातून भरून आणली होती. अण्णा तिला माकडचाळे म्हणायचे. तरी काढून टाकली नाही, कमाल आहे.

सहा वर्षं झाली. रेल्वेतल्या माणसाशी कोर्टात लग्न केलं म्हणून अण्णांनी मला उंबऱ्याला पाय लावू नकोस असं सांगितलं, आणि मीही तुम्ही बोलावल्याशिवाय येणार नाही असं तोंड वर करून बोलले. त्यांचीच लेक मी, हेकट. आता या अवस्थेत न विचारता आले आणि मला बघून त्यांना काही झालं, तर? मला भीती वाटते रे. तू विचार ना त्यांना. ताईला बोलावू का, एवढंच. बोट उचललं तर मिळेल त्या गाडीने येते.

स्वतः वेळेवर जेवत जा. उत्तराच्या वाटेकडे डोळे लावून बसलेली,
मनीषा


मखमलाबाद
२१ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

विचारलं. तीनदा विचारलं. खोटं लिहवत नाही, बोट हललं नाही. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, डब्याकडे बघत राहिले. तासाभराने ती खरखर लागली तेव्हा मात्र बोट उठलं, डोळ्यांत पाणी आलं. मी ओशाळून पटकन पुढचं लावलं. म्हणजे बोट चालतंय, ताई. तुझ्यासाठी उचलायचं नव्हतं, असंच मला वाटतं. मनाला लावून घेऊ नकोस. होळीपर्यंत राग निवळेल, तेव्हा परत विचारू.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
कुंदन


मखमलाबाद
१९ फेब्रुवारी

ताई,

नमस्कार कोणत्या तोंडाने लिहू?

अण्णांच्या दहाव्याला तू घाटावर लांब उभी होतीस. मी जवळ येऊन तुला सांगितलं, की त्यांनी शेवटपर्यंत हट्ट सोडला नाही. ते खरं नव्हतं. मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

काल शेवंती तोडताना सोबतीला डबा लावला होता. खरखर सुरू झाली. दोन्ही हात फुलांनी भरलेले, म्हणून तशीच चालू दिली. मिनिटभर ती चालली, आणि मग तू गायला लागलीस. दुसरीतली तू, शाळेच्या स्नेहसंमेलनाचं गाणं. जुन्या कॅसेटवरून उतरवलेलं. कार्ड घेऊन दुकानात गेलो, त्यावरची तारीख बघायला लावली. तुझ्या लग्नानंतर दोन महिन्यांनी अण्णांनी ते भरून घेतलं होतं.

बंद कर असं ते सांगत नव्हते गं, राहू दे म्हणत होते. आठ-दहा वेळा तरी ते गाणं लागलं असेल, आणि प्रत्येक वेळी मी त्यांच्या तोंडचा घास काढून घेतला. तुझं नाव काढलं तेव्हा डब्याकडे बघत होते, तेच त्यांचं उत्तर होतं. मी बैलासारखा समोर उभा, मला कळलं नाही.

कार्ड या पाकिटात ठेवलंय. गाताना मधेच तू ओळ विसरतेस आणि रडायला लागतेस. मग अण्णांचा आवाज येतो, चांगला खणखणीत: रडू नको मने, परत म्हण. मी हाय ना इथंच.

लोभ मागायचा हक्क मला उरला नाही. तरी मागतो.
कुंदन