एका गाठीची वाट

प्रिय शेंडेफळ,

तुझा फोन आला तेव्हा मी दुकानात शिलाई मशीनवर होते, म्हणून हूं हूं करत ठेवून दिला. राग मानू नकोस. मानलास तरी तुझा राग दूध उतू जाईपर्यंतच टिकतो, हे मला ठाऊक आहे. तू विचारलंस, सहलीचं नक्की ना, की नेहमीसारखं ऐनवेळी तुझं दुकान आडवं येणार? नक्की. माझं ते पोटाचं किरकोळ काम उरकलं, टाके निघाले आणि डॉक्टरीणबाईंनी चालायची परवानगी दिली, की येणाऱ्या पहिल्या शनिवारी निघायचं. दोन दिवस, फक्त आपण दोघी. जावईबापूंना आणि पोरांना घरी ठेव. दोन दिवस उकडलेली अंडी खाऊन कोणाचं काही बिघडत नाही. आई गेल्यापासून आपण एका छपराखाली झोपलेलो नाही. मला ही सहल हवी आहे गं. गेल्या कित्येक वर्षांत मला दुसरं काही इतकं हवंसं वाटलेलं नाही.

जागा मी शोधली आहे. बसच्या शेवटच्या थांब्यावर उतरायचं, तिथून जंगलातून खाली पायवाट जाते. सावली भरपूर आहे, मधे एक ओढा लागतो. वाट संपते तिथे समुद्र. किनाऱ्यावर एकच खाणावळ आहे आणि तिच्या वर राहायला दोन खोल्या. काय खाणार, असं तिथे कोणी विचारत नाही. सकाळी होडीतून जे येईल ते दुपारी ताटात. तुझ्यासारख्या नखरेल बाईचं तिथे कसं व्हायचं, ही काळजी होतीच.

आईची पद्धत तुला अर्धीच माहीत आहे. पोरींना कुठल्याही नव्या जागी थेट नेणं तिच्या जिवावर यायचं. आधी स्वतः जाऊन बघून यायची. पलंगावर आडवी होऊन बघायची, दाराची कडी लावून बघायची, जेवण चाखायची. रानातली वाट असली तर शिवणाच्या कातरणांच्या पट्ट्या बरोबर न्यायची आणि जिथे वाट फुटेल तिथे फांदीला बांधायची. एक गाठ म्हणजे इकडून या. दोन गाठी म्हणजे इकडे पाऊल टाकायचं नाही. तू लहान, म्हणून तुला शेजारच्या मावशींकडे ठेवायची आणि मला न्यायची, पट्ट्यांची पिशवी धरायला. रंगीत पट्ट्या झाडांनाच येतात असं तुला बरीच मोठी होईपर्यंत वाटायचं. हे मी जावईबापूंना तुझ्या लग्नातच सांगून टाकलंय.

तर मी खोलीसाठी खाणावळवालीला फोन केला. माझं बोलणं पुरं व्हायच्या आत ती म्हणाली, खोली तयार आहे, तुम्ही सांगून गेलात तशीच. मला वाटलं, दुसऱ्या कोणाशी गल्लत करतेय. मग तिने सगळं म्हणून दाखवलं. उशी पातळ ठेवली आहे. खिडकीची फट कापडाने बुजवली आहे, कारण वारा शीळ घालायला लागला की धाकटीला झोप येत नाही. मासा डोकं काढूनच ताटात वाढायचा, नाहीतर धाकटी न जेवताच ताटावरून उठते. मी हसले. म्हटलं, आमच्या नखरेल बाईने स्वतःच फोन केलेला दिसतोय. म्हणून त्या दिवशी मी तुला सहज विचारलं होतं, जागा कुठली ते तुला कळलं का? तू म्हणालीस, मला कसं कळणार, तूच अजून पत्ता लागू देत नाहीस.

त्यानंतर मला राहवेना. रविवारी दुकान बंद ठेवून मी स्वतःच बघायला गेले. पोट दुखत होतं, पण बसत-उठत निघाले. ओढा ओलांडला आणि जिथे पहिल्यांदा वाट फुटते तिथे, माझ्या डोळ्यांसमोरच्या फांदीला, हिरव्या चौकड्याची पट्टी बांधलेली होती. एक गाठ.

कोणीतरी बांधली असेल, असं तूही म्हणशील. पण ते कापड मी ओळखते. मी ज्या शाळेचे गणवेश शिवते, तिने यंदा कापड बदललं, त्याचं आहे ते. त्याचा तागा आई गेल्यावर आला आणि मीच फोडला. आईने तो रंग कधी बघितलासुद्धा नाही. गाठ मात्र तिची होती, डावखुऱ्या माणसाची, उलटी फिरवून ओढलेली. कडा नागमोडी कापलेल्या. तशी कात्री आपल्या घरात एकच, आणि ती आठवण म्हणून तू घेऊन गेलीस. झाडीत चांगला वारा होता. भोवतीची सगळी पानं सळसळत होती आणि ती पट्टी तेवढी जराही हलत नव्हती. मी खाली बसले आणि किती वेळ बसले ते मला सांगता येणार नाही.

परत फिरावंसं वाटलं. पण पुढे अजून एक पट्टी दिसत होती, आणि आईने बांधलेल्या पट्टीकडे पाठ फिरवायची सवय मला नाही. कड्यापाशी पुन्हा दोन वाटा होतात. खडकांवरून उतरणारी वाट जवळची, बसथांब्यावरच्या पाटीवरही तीच दाखवली आहे. तिच्या तोंडाशी दोन गाठी होत्या. मी लांबच्या वाटेने उतरले.

खाणावळवाली ठेंगणी, गोल, कोपरापर्यंत पीठ लागलेली बाई आहे. मला बघून तिने न मागता पाणी आणून ठेवलं आणि म्हणाली, आज एकट्याच? आई नाही आल्या? ती आपली बोलतच राहिली. म्हणे, गेल्या आठवड्यात तुम्ही दोघी आलात, तुमच्या हातात ती पिशवी होती. मी आईंना म्हटलं, आलाच आहात तर दोन घास खाऊन जा. तर म्हणाल्या, आम्हा दोघींना आता काही नको, धाकटीची सोय बघायला आलोय. मग माझ्याकडे निरखून बघत ती म्हणाली, ताई, आज तुमचा चेहरा उतरलेला दिसतो. त्या दिवशी किती छान दिसत होतात.

तो सगळा आठवडा मी दवाखान्यात तपासण्यांच्या रांगेत बसून होते.

तिने वरची खोली दाखवली. स्वच्छ आहे, कडी नीट लागते. पलंग मात्र एकच. मी म्हटलं, आम्ही दोघी येणार आहोत. ती गोंधळली. दुसरा होता, तो तुमच्या आईंनीच बाहेर काढायला लावला, म्हणाली, आणि एका बाजूने तुम्हीच तर धरला होतात. मी त्या पलंगावर आडवी झाले. उशी पातळ होती. खिडकीच्या फटीत हिरवा चौकडा ठासून भरला होता, वाऱ्याचा आवाज नव्हता, फक्त समुद्र ऐकू येत होता. मग खाली येऊन जेवले. भाजलेला मासा, वर लिंबू, डोकं काढलेलं. इतकी चव होती की ताट पुसून खाल्लं. खोटं कशाला सांगू?

आता हे सगळं तुला का लिहितेय ते सांगते. माझं ते पोटाचं काम तुला सांगितलं तितकं किरकोळ नाही. डॉक्टरीणबाई चांगल्या आहेत, धीर देतात, पण शेवटी त्या खुर्ची जवळ ओढून, माझा हात धरून बोलल्या. आणि ते उद्याच आहे. तुला पुढची तारीख सांगितली होती, कारण तू रडत पहिल्या गाडीने आली असतीस आणि मग मलाच तुला सांभाळत बसावं लागलं असतं. हे पत्र तुझ्या हातात पडेल तोवर काय ते झालेलं असेल. मी उठले, तर पहिल्यांदा त्या बाईला दुसरा पलंग आत घ्यायला लावीन आणि आईशी कडकडून भांडेन. मला उठायचंच आहे गं. पण नाही उठले, तर सहल रद्द करायची नाही. रडायचं ते घरी रडून घे आणि येणाऱ्या पहिल्या शनिवारी नीघ. एका गाठीच्या वाटेने जा. खडकांकडे वळू नकोस, पाटी काहीही सांगो. निवांत झोप, पोटभर जेव. तिथे तुला भिण्यासारखं काही नाही, आम्ही सगळं बघून आलोय. आणि आईच्या कात्रीच्या दातांत हिरवा धागा अडकलाय का, ते बघायला तू आता उठशील. मला ठाऊक आहे. मिळाला तर काढू नकोस, तसाच राहू दे.

तुझीच,
पिशवी धरणारी ताई