‘इकडील सर्व कुशल’ या वाक्याविरुद्ध तक्रार

तीर्थस्वरूप सौ. वहिनींना,

नणंदेचा साष्टांग नमस्कार. (आठ अंगांपैकी गुडघे सध्या वाकायला तयार नाहीत. उरलेली अंगं पोचती करते.) दादाचा खोकला आणि तुमचा रक्तदाब आपापल्या जागी असतील, अशी आशा आहे. ‘इकडील सर्व कुशल’ असं मात्र मी लिहिणार नाही. त्या वाक्यावरून माझं मन साफ उडालं आहे, आणि त्याला कारण तुमचे चिरंजीव. नोकरी लागल्यावर ‘वन्सं, दोन महिने ठेवून घ्या’ म्हणून तुम्ही ज्यांना माझ्याकडे पाठवलंत आणि जे तेव्हापासून माझं जेवणाचं टेबल अडवून बसले आहेत, तेच ते.

त्यांची कंपनी गाण्याच्या कार्यक्रमांची तिकिटं इंटरनेटवर विकते, हे तुम्हाला माहीत आहेच. साइटवर काहीही घडलं की यांच्या फोनवर टुंग. कुणी आलं, टुंग. कुणी गेलं, टुंग. कुणी पासवर्ड विसरलं, टुंग. (लोक किती विसरभोळे झालेत, हे मला टेबल पुसता पुसता कळलं.) परिणामी तुमच्या चिरंजीवांना टुंग ऐकूच येईनासं झालं. गेल्या विक्रीला साइट आडवी पडली, तेव्हा फोन शेजारी कोकलत होता आणि हे शांतपणे ताक पीत होते. त्यांच्या ऑफिसातल्या बाईसाहेबांनी बजावलं, “पुढच्या विक्रीला साइट झोपली, तर तूही घरी जाऊन झोप.” म्हणजे नोकरी गेली. म्हणजे ते दिवसभर माझ्यासमोर. तेव्हा मला लक्ष घालणं भाग पडलं.

आमच्या कॉन्व्हेंटात सिस्टर घंटा क्वचित वाजवायच्या. वाजली की अख्खी शाळा पुतळा. मग एक हौशी सिस्टर आल्या. कुणाचा रुमाल सापडला तरी त्या घंटा बडवायच्या. थोड्याच दिवसांत आम्ही त्या तालावर लंगडी खेळायला लागलो. हे मी चिरंजीवांना ऐकवलं आणि सांगितलं, फालतू घंटा फेकून दे. “आत्या, मी तेच म्हणत होतो,” असं ते म्हणाले. (म्हणत नव्हते.) तर घंटा गेल्या. त्याऐवजी प्रत्येक यंत्राला सारखं ‘कसं आहेस?’ असं विचारायचं आणि ‘ठीक’ म्हटलं की पडद्यावर हिरवा दिवा लावायचा, अशी सोय झाली. शिवाय गर्दी वाढली की भाड्याची यंत्रं आपोआप मदतीला येणार, रांग वाढल्यावर जादा खिडक्या उघडाव्यात तशी.

विक्रीचा दिवस आला. गायक असा, की गळ्यापेक्षा त्याचं जाकीट जास्त प्रसिद्ध. गर्दी लोटली, भाड्याची यंत्रं आली, पडदा हिरवागार, फोन मुका. मी स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन पोळ्या वाढत होते. तेवढ्यात तुमचा फोन.

“वन्सं, तुमचं दुकान उघडणार आहे का? मघापासून तिकीट काढतेय, तर माझ्यापुढे नुसतं चक्र फिरतंय.”

त्यावर मी तुमचं नेट, तुमचा चष्मा आणि दिसेल ते बटण दाबण्याची तुमची सवय या विषयांवर बोलले. (दादाच्या चिक्कूपणावरही बोलले, पण तो विषय कायमचाच आहे.)

“चष्मा नवा आहे माझा!” तुम्ही कडाडलात. “तुम्हाला आत बसून हिरवं दिसत असेल. बाहेर दार उघडत नाहीये!”

चिरंजीवांच्या हातातला घास हातातच राहिला. त्यांनी माझ्या फोनवरून गिऱ्हाईक होऊन पाहिलं. चक्र! सगळी यंत्रं ठणठणीत होती, पण रिकामी बसली होती. गिऱ्हाइकांना आत घेणारा दरवाजा एकच, आणि तो कुणी रुंद केलाच नव्हता. सभागृहात खुर्च्या वाढवल्या आणि दार ठेवलं मांजराच्या मापाचं. यंत्रं खोटं बोलत नव्हती. ‘कसं आहेस?’ विचारलं, ‘ठीक’ म्हणाली. ‘तिकीट विकलं जातंय का?’ हे कुणी विचारलंच नाही. मी जन्मभर बँकेत नोकरी केली, वहिनी. काउंटरच्या आतून बँक नेहमी उत्तमच चाललेली दिसते. आणि तुम्ही नव्या नवरी असताना माहेरी लिहायचात, ‘इकडील सर्व कुशल’. मी त्याच घरात होते. किती कुशल होतं, ते मला ठाऊक आहे.

चिरंजीवांनी उष्ट्या हातानेच दार रुंद केलं आणि तिकिटं धो धो खपली. बाईसाहेबांनी विचारलं, बिघाड आधी कुणाला कळला? “बाहेरून तपासायची व्यवस्था ठेवली होती,” म्हणाले. (व्यवस्था म्हणजे तुम्ही.) नोकरी शाबूत आहे. आता त्यांनी एक खोटं गिऱ्हाईक तयार केलंय. ते सारखं बाहेरून तिकीट काढून बघतं आणि नाही मिळालं तर बोंब मारतं. त्याचं नाव ‘आई’ ठेवलंय.

चष्म्याबद्दलचे शब्द मागे घेते. नेटबद्दलचे नाही.

तुमची,
नणंद

ता. क. : खोट्या गिऱ्हाइकाला टोमणे मारता येत नाहीत. तेव्हा पुढच्या विक्रीला तुम्हीही तिकडून तिकीट काढून बघा. तुमच्याइतकी मनापासून तक्रार करणारं कंपनीत कुणी नाही.

आणखी ता. क. : वरचं रद्द. परवा तुम्ही विचारलंत, ‘गुडघा कसा आहे?’ मी म्हटलं, ‘ठीक.’ तो हिरवा दिवा होता. जिना उतरणं बंद झालंय, आणि डॉक्टरांनी पुढच्या महिन्यात ऑपरेशनला बोलावलंय. चिरंजीवांना बोलले नाही. माझ्यातून टुंग येत नाही, त्यामुळे त्यांना कळलेलं नाही. तुम्हीच या. बेल वाजवल्यावर दार उघडायला उशीर झाला, तर जिन्यातूनच ओरडा.