चालण्यापुरता पाय

मंगळवार, संध्याकाळ. बालीगंज.

डॉक्टर म्हणाले, डाव्या गुडघ्यामागे हॅमस्ट्रिंगचा टेंडन, म्हणजे मांडीमागच्या स्नायूचा दोर, हाडापासून सुटलाय; शर्यतीत धावायचं तर ऑपरेशन करून जोडायला हवा. बाबांनी एवढंच विचारलं, "ऑपरेशन न करताही चालता येईल ना?" येईल म्हणे.

टॅक्सीत मी दोन्ही गुडघ्यांमागे चाचपत राहिले. उजवीकडे दोरीसारखं ताठ लागतं. डावीकडे नुसतं मऊ.

घरी येताच बाबांनी मला न विचारता आमच्या कोचना फोन करून सांगितलं, ती आता धावणार नाही. असं कसं? पाय कुणाचा?

एकोणीस पूर्ण आहेत मला. डॉक्टरांकडून आणलेल्या ऑपरेशनच्या फॉर्मवर मीच सही केली. भीती वाटतेय? वाटतेय. पुन्हा चाचपलं, मऊच.

बाबांचं आपलं तेच, "अगं, चालण्यापुरता पाय आहे ना!"

चालायला मी वर्षाची असतानाच शिकले, बाबा.