केबिन रद्द करू नकोस

डंडॉक, आयर्लंड, मार्चचा दुसरा आठवडा

प्रिय गंधार,

अनेक आशीर्वाद. तू फोन उचलत नाहीस म्हणून हे पत्र लिहितो आहे. रागावून लिहीत नाही. हल्ली मलाही फोन वाजला की उचलावासा वाटत नाही. समोरचा माणूस "कसे आहात?" विचारतो आणि त्याला काय सांगावं ते सुचत नाही. पत्राचं बरं असतं, लगेच उत्तर द्यावं लागत नाही. पत्र विनिपेगला कधी पोचेल याची पोस्टातल्या बाईंनाही खात्री नव्हती, म्हणून मुक्ताला तुला एका ओळीचा मेसेज करायला सांगितलं आहे, की काकांचं पत्र येतंय, तोवर केबिनचं काही करू नकोस.

तुझा मेल मुक्ताने मला वाचून दाखवला. अद्वयच नाही तर त्या तळ्यावर मी काय करू, तुम्ही दोघांनी मे महिन्यासाठी ठरवलेली केबिन सोडून देतो, असं तू लिहिलं आहेस. वाचून झाल्यावर तिने लॅपटॉप मिटला आणि कपडे वाळत घालायला मागच्या अंगणात गेली. बाहेर पाऊस पडत होता. थोड्या वेळाने संध्याकाकू जाऊन तिला आत घेऊन आली. आमच्या घरात सध्या असं चाललं आहे. मुक्ताचं ऑफिस सुरू झालं आहे. स्वानंदी शाळेत जाते, पण पूर्वी घरी येऊन दिवसभराचं सगळं सांगायची, आता "ग्रँड", म्हणजे इथल्या भाषेत छान, एवढंच म्हणते आणि वर जाते. तुझ्या काकूने अजून एकदाही मोठ्याने रडून घेतलेलं नाही. भाजी निवडते, आणि निवडलेली भाजी पुन्हा निवडते.

त्याच मेलमध्ये खाली तू लिहिलंस की मीच रोज सराव कर म्हणून त्याच्या मागे लागलो होतो. ते वाचल्यावर तू फोन का उचलत नाहीस ते मला कळलं. म्हणून त्या दिवसाचं एकदा नीट लिहितो. जानेवारीतला शनिवार होता. सकाळी चहा घेऊन तो मागच्या अंगणात गेला. गळाच्या दोरीला एक छोटं वजन बांधायचं आणि कुंपणाजवळ ठेवलेल्या बादलीत ते नेमकं टाकायचं, हा त्याचा सराव तुला माहीतच आहे, तूच शिकवलेला. काकू स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होती. वजन बादलीत पडलं की तो दोन्ही हात वर करून तिला दाखवायचा. त्या दिवशी वजन बादलीत पडलं आणि त्याने हात वर केले नाहीत, खाली बसला. तिला वाटलं दोरी सोडवतो आहे. ॲम्ब्युलन्स लवकर आली, त्यांनी सगळं केलं. डॉक्टर नंतर म्हणाले की मुख्य रक्तवाहिनी बरीच आधीपासून बंद होत आली होती, जिना चढताना किंवा गाडी चालवतानाही हेच झालं असतं. गाडीत स्वानंदी असती. हे मी तुझ्या समाधानासाठी लिहीत नाही. डॉक्टरांनी जे सांगितलं तेच लिहितो आहे. वीज मंडळातली माझी सगळी नोकरी बिघाड कुठे झाला हे शोधण्यातच गेली. हा बिघाड गळाच्या काठीत नव्हता.

खरं तर त्या काठीने या हिवाळ्यात आमचं घर उजळ ठेवलं होतं. इथे नोव्हेंबरपासून चार वाजताच अंधारायला लागतं. ऑफिसातून तो दमून यायचा, पण जेवायला बसला की तुमचं तळं सुरू. ताट म्हणजे तळं, चटणी म्हणजे खडक, आमटीची वाटी म्हणजे बेट. "हे बघा बाबा, बर्फ मे महिन्याच्या सुरुवातीला वितळतो. तिसऱ्या शनिवारी मासेमारी उघडते. तोवर वॉलाय माशाने अंडी घातलेली असतात, आणि तो इथे, ह्या उथळ कडेला ऊब शोधत येतो." असं म्हणून पोळीचा तुकडा आमटीच्या वाटीला लावून ठेवायचा. वॉलायचे डोळे अंधारात मांजरासारखे चमकतात, त्याला ऊन सोसत नाही, म्हणून पहाटे आणि तिन्हीसांजेलाच धरायचा, हे सगळं मला पाठ झालं आहे. काकू म्हणायची, "तळ्यात काय ते कर, माझ्या ताटात मासे आणू नकोस." तो म्हणायचा, "आई, तुझ्या ताटात ती तोंडली आहेत, घाबरू नको." गेल्या वर्षी तू तळ्याकाठी खडकावर मासा साफ करत होतास आणि डोमकावळ्याने तुझ्या पाठीमागून अख्खा तुकडा पळवला, ही गोष्ट त्याने आम्हाला निदान पाच वेळा सांगितली. प्रत्येक वेळी कावळा थोडा मोठा होत गेला. शेवटी शेवटी तो बदकाएवढा झाला होता, आणि तू त्याच्यामागे चमचा घेऊन धावत होतास.

तुम्ही दोघं नागपूरला अंबाझरीवर कणकेच्या गोळ्या लावून गळ टाकत बसायचात, ते मला तेव्हाही माहीत होतं. काकू परातीतली कणीक कमी का होते म्हणून कोड्यात पडायची. तुम्ही पकडलेलं पाण्यात परत सोडून घरी यायचात, हात तीनदा साबणाने धुवून. आमचं घर शाकाहारी म्हणून त्याने सगळं आयुष्य मासे बाहेर खाल्ले आणि घरी त्याबद्दल काही बोलला नाही. मीही कधी काही विचारलं नाही. आमच्यात ती रीतच होती.

आता दहाव्याबद्दल. त्या दिवशी तू फोनवर विचारलंस आणि मी "सगळं नीट झालं" म्हणालो. नीट झालं नव्हतं. तुला सांगावंसं वाटलं नाही. इथे कोणालाच पुन्हा सांगावंसं वाटत नाही.

मुलाचं बापाने करायचं, तर मी केलं. अद्वयच्या ऑफिसातला गुरुनाथ शनिवार-रविवारी लोकांकडे सत्यनारायण सांगतो. त्यानेच दर्भ, तीळ सगळं जमवलं. नागपूरचे गुरुजी फोनच्या पडद्यावर होते आणि फोन गुरुनाथने धरला होता. ब्लॅकरॉकला समुद्राकाठी गेलो, कारण तिथे बाकांपाशी कावळे कायम असतात. वारा इतका होता की गुरुजींचं निम्मं ऐकूच येत नव्हतं. मी पिंड ठेवला आणि आम्ही मागे सरकून उभे राहिलो. कावळे होते, गंधार. इथला कावळा राखाडी बंडी घातल्यासारखा असतो. गुरुनाथने घाबरत विचारलं, "गुरुजी, हा चालतो का?" गुरुजी म्हणाले, "न चालायला काय झालं, आपल्याकडच्याचीही मान राखाडीच असते." पण एकही पुढे येईना. मग आपल्यात करतात तसं आम्ही एकेक जण पुढे होऊन त्याला शब्द देऊ लागलो. मुक्ता म्हणाली, स्वानंदीला खूप शिकवीन. कोणी शिवलं नाही. काकू म्हणाली, मुक्ताला आम्ही एकटी टाकणार नाही. नाही. मी म्हणालो, हे घर विकू देणार नाही. नाही. शेवटी गुरुनाथ डोळे मिटून म्हणाला, "अद्वय, तुझ्या सॉफ्टवेअरचा रिलीज आपण वेळेवर करू रे." एरवी मला हसू आलं असतं. कुत्रा फिरवणारे एक म्हातारे गृहस्थ थांबले, टोपी काढली, काय चाललं आहे ते गुरुनाथकडून समजून घेतलं आणि हळू आवाजात म्हणाले, "भात नाही हो खात हे. ह्यांना चिप्स लागतात." एक कावळा खरोखरच पिंडाच्या हातभर अंतरापर्यंत चालत आला. मान तिरकी करून बघितलं आणि कचऱ्याच्या डब्याकडे निघून गेला. तेवढ्यात वरून एक सीगल आला आणि पिंड उचलून घेऊन गेला. गुरुजी म्हणाले, "हा पक्षी जमेस धरता येत नाही. दर्भाचा कावळा करा आणि शिववा. शास्त्रात सोय आहे." दुसरा पिंड ठेवून मी तसं केलं. गवताची गाठ होती ती. मीच धरली होती आणि मीच शिववली.

मी फार देवधर्म करणारा माणूस नाही हे तुला माहीत आहे. कावळ्याचं कोणी सांगितलं असतं तर मी मान हलवून दुसरा विषय काढला असता. पण स्वतःच्या मुलाचा पिंड ठेवून तिथे उभं राहिल्यावर माणूस तसा राहत नाही. त्या दिवसापासून मी सकाळी फिरायला गेलो की इथले कावळे बघतो. त्याचं काय राहिलं होतं, हा एकच विचार डोक्यात असतो. मुक्ताला विचारलं. तिने स्वानंदीच्या शाळेचंच पुन्हा सांगितलं. काकूला विचारायचं धाडस झालं नाही.

गेल्या आठवड्यात त्याच्या नावाने एक पार्सल आलं. त्याने डिसेंबरमध्येच मागवलेलं असणार. पोस्टमन नवा होता, त्याला काही माहीत नव्हतं. खोक्यावरचं चित्र बघून तो खूश झाला आणि म्हणाला, "वा, मासेमारी! कुठे चाललात?" मी म्हणालो, कॅनडाला. तो म्हणाला, "नशीबवान आहात." मी हो म्हणालो आणि दार लावून घेतलं. आत शिशाचं डोकं असलेले छोटे गळ होते, नारिंगी आणि पोपटी, मुलांच्या खेळण्यासारखे. ते जेवणाच्या टेबलावर मांडून बसलो तेव्हा माझ्या लक्षात आलं. माणूस सगळा हिवाळा रोज ताटात तळं काढून दाखवत होता, आणि समुद्राकाठी उभं राहून आम्ही शाळा, घर आणि ऑफिस आठवत होतो. कोणाच्याही तोंडी मासा आला नाही. पिंडापुढे उभं राहून माशाचं नाव काढायचं, हे आमच्या घरात कोणाच्या मनातही येऊ शकत नव्हतं. शेवटची इच्छा म्हणजे काहीतरी मोठं, चार लोकांत सांगण्यासारखं असणार, अशीच आमची समजूत.

म्हणून केबिन रद्द करू नकोस. त्याच्या जागी मी येतो. मला व्हिसा लागेल, त्यासाठी तुझ्याकडून आमंत्रणाचं एक पत्र लागेल, ते लवकर पाठव. मुक्ता बाकीचं बघते आहे. आधी ती एवढंच म्हणाली, "बाबा, तुम्हाला पोहता येत नाही." मी म्हटलं, गंधारला येतं. माझी साखर ताब्यात आहे, गुडघे बरे आहेत, थंडीचे कपडे अद्वयचे होतील, बाह्या थोड्या दुमडाव्या लागतील. बोटीत मी फार बोलणार नाही, तुला माझा त्रास होणार नाही. मासेमारीचं लायसन्स माझ्या नावाने काढ. गळ मी स्वतः टाकणार आहे. बादलीवर सराव चालू केला आहे. दहातलं एखादं वजन आत पडतं. काकू खिडकीत येत नाही, पण पडदा ओढून घेत नाही.

तिला मी एवढंच सांगितलं होतं की गंधारला भेटून येतो, त्यालाही बरं वाटेल. दुसऱ्या दिवशी माझ्या बॅगेत एक डबी दिसली. मालवणी मसाला. अद्वय तो गॅरेजमधल्या प्रेसमध्ये, म्हणजे कपाटात, रंगाच्या डब्यांमागे लपवून ठेवायचा. ती कधीपासून जाणून होती, देव जाणे. सोबत तांदळाच्या पिठाची पिशवी होती, आणि ती म्हणाली, "मीठ तिथे मिळेल." तेव्हा तिला सगळं समजलं आहे असं धरून चालतो आणि तुलाही सांगतो. मासा माझ्या हातून लागायला हवा, तुझ्या नको. साफ कसा करायचा ते तू दाखव, करीन मी. तळायचाही मीच. तुम्ही दोघांनी तिथे काठावर ज्या पद्धतीने करून खायचं ठरवलं होतं, त्याच पद्धतीने. मग त्यातला पहिला तुकडा मी त्या खडकावर ठेवीन, जिथून डोमकावळ्याने तुझा पळवला होता. या वेळी मी कसलाही शब्द देणार नाही. जे देण्यासारखं होतं ते ब्लॅकरॉकला देऊन झालं. आपण दोघं मागे सरकून बसू. त्याला यायला वेळ लागला तर लागू दे, तू मात्र घाई करू नकोस.

तुझाच,
नंदकाका