मंगळवारची दौड

१९ नोव्हेंबर १९९६, मंगळवार

आज सुनेला पहिल्यांदा टेम्पो पळवला. पहिल्याच दिवशी फसला.

सांगितलं होतं — वडापर्यंत हळू, वडापासून ओढ्याच्या पुलापर्यंत टेम्पो, मग परत हळू. मी सायकलवर मागं. टेम्पो म्हणजे पळण्याची कसली चाल तेही नीट सांगितलं. पलटणीत आमचे उस्ताद सांगायचे तसंच. धाप लागू नये आणि गप्पाही मारता येऊ नयेत. कुणी काही विचारलं तर दोन-तीन शब्दांत उत्तर द्यावं, चौथ्याला दम पुरू नये. अख्खं वाक्य निघालं तर पाय ढिले. एकही शब्द निघेना तर ती शर्यत झाली, सराव नव्हे. लांब पल्ल्याला हाच दम कामाला येतो. आठवड्यातनं एकदाच करायचा, बाकीचे दिवस आरामात.

"हो मामा" म्हणाली. आणि वडापासून जी सुटली ती पुलाच्या कठड्यालाच जाऊन टेकली. मी म्हटलं, नाव सांग. नाव सांगायलाही दम नव्हता.

प्रियदर्शनीला, आमच्या दर्शनीला, या घरात येऊन अडीच वर्षं झाली. त्यातले सहा महिने ती आमच्या पोराची, कृष्णातची, बायको होती. पुढं त्याच्या पलटणीची गाडी दरीत गेली, आणि तेव्हापासून ती नुसती आमची सून आहे. या दिवाळीत व्याही वाईहून लेकीला न्यायला आले होते. गेली नाही. ते गेल्यावर मला म्हणाली, "मामा, मी कॉलेजात असताना पळायचे. परत पळू का?"

दोन वर्षांत तिनं पहिल्यांदा काही मागितलं. नाही कसं म्हणणार.

२० नोव्हेंबर

पोरीच्या पोटऱ्या धरल्यात. उंबरा ओलांडताना चौकट धरते.

आमची मंडळी, बाळाबाई, भाकरी थापता थापता मला म्हणाली, "आवं, रातदिस टेंपो टेंपो करतायसा. त्यापरास उसाचा टेंपो बरा की. सांजच्याला धड घरी तर येतोय."

गावात वेगळंच पसरलंय. शेजारची मनुबाई विचारून गेली, नवा टेंपो घेताय म्हणं, कितीला पडला?

२६ नोव्हेंबर, मंगळवार

तेच. निम्म्या रस्त्यापर्यंत ठीक, मग काहीतरी होतं आणि सुटते. मागून हाका मारल्या. ऐकूच आल्या नाहीत असं म्हणते.

३ डिसेंबर, मंगळवार

नडगी दुखायला लागली. बोट लावलं तरी कळ येते. आठ-दहा दिवस पळणं बंद.

पुलावर बसवलं आणि रागावलो. म्हटलं, "तुला ताकद कमी न्हाई. ऐकायला येत न्हाई असंबी न्हाई. मग ऐन वेळेला सुटतीस का?"

आधी पाण्यात एक खडा टाकला. मग म्हणाली, "मामा, बेतानं पळलं की आठवतं. जोरात पळलं की काहीच आठवत नाही."

मी सायकलचं स्टँड काढलं, परत लावलं. मी तरी काय वेगळं करतोय. बाळाबाई म्हणते, पेन्शनीत आल्यावर माणूस बसून खातो, तुमी दिवस उगवायच्या आधी मळ्यात जाताय ते अंधार पडल्यावर येताय. म्हणते, आणि माझी भाकरी बांधून देते. तिलाही ठाऊक आहे.

५ डिसेंबर

पारावर हरिबानं गाठलं. चुलतभाऊ आहे, तोंडावर बोलतो एवढं बरं. "नाथाजी, पोरगं गेलं, लय वाईट झालं. पर म्हणून तरण्या रांडमुंड सुनेला रस्त्यानं पळवायची? भावकीला काय वाटंल?"

मी म्हटलं, "भावकीला काय वाटतं ते भावकीनं माझ्या दारात येऊन सांगावं. च्या पाजतो."

घरी येऊन बाळाबाईला सांगितलं. तिला हरिबाचं पटतं की माझं, कळलं नाही. दळण निवडत होती, निवडत राहिली.

१७ डिसेंबर, मंगळवार

नडगी बरी आहे. आज रीत बदलली. टेम्पोचे दोन तुकडे केले, मधी थोडं चालणं. आणि सायकल मागं नाही — पुढं लावली. म्हटलं, चाक ओलांडायचं नाही, एवढंच ध्यानात ठेव.

दुसऱ्या तुकड्यात दोनदा चाकाला लागली. दोनदा माझ्या पाठीकडं बघून मागं सरली. कारखान्याकडं निघालेल्या गाड्यांची रांग होती. बैलगाडीवाले बघत होते.

१८ डिसेंबर

बाळाबाईनं दर्शनीच्या ट्रॅकपँटला खाली दुमड घालून दिली. "पायात येतीया, पडंल," एवढंच म्हणाली. मी विचारलंही नव्हतं.

७ जानेवारी १९९७, मंगळवार

आजचं लिहायलाच पाहिजे.

थंडी चांगलीच होती. नदीकडनं धुकं. पहिला तुकडा छान झाला. दुसऱ्यात दम तपासायला मी नेहमीसारखं विचारत होतो. थंडी वाजती का? "न्हाई मामा." पाय? "बरं हाय." आमच्यासारखंच बोलायला लागते पळताना. एरवी वाईचं कॉलेजातलं बोलते.

मग माझ्या तोंडातनं गेलं, "कृष्णात पळायचा का गं तुज्यासंगं?"

या घरात दोन वर्षांत त्याचं नाव असं कुणी घेतलं नव्हतं. श्राद्धाला भटजींनी घेतलं तेवढंच. वाटलं, आता सुटणार ही, नडगी परत धरणार. मी तर पुढं बघून पायडल मारतोय, मागं वळायचं धाडस होईना.

मागनं आवाज आला, "एकदाच, मामा."

"कुठं?"

"वाईला. घाटावर."

"मग?"

चार-पाच पावलं गेली.

"हरला."

मी हसलो. मागनं तीही हसली, आणि त्या हसण्यात तिचा दम मोडला, ठसका लागला. थांबवली नाही. ती आपोआप सावरली आणि परत चाकामागं आली. पुलापर्यंत तीच चाल.

पुलावर बसून तिनं सगळं सांगितलं. लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी गेले होते तेव्हाची गोष्ट. पहाटे घाटावर कुणी नव्हतं. हा फौजी, म्हणाला साडी नेसून काय पळतेस. हिनं पदर खोचला. गणपतीच्या देवळापर्यंत. हा मागं पडला आणि वर म्हणतो, मी मुद्दाम हरलो.

"मुद्दाम हरणारा नव्हता त्यो," मी म्हटलं.

"नव्हतेच," ती म्हणाली.

घरी आल्यावर बाळाबाईला मीच सांगितलं. तिनं दोनदा विचारलं — देवळापर्यंत? साडीत? मग चुलीपुढं बसून पदर तोंडाला लावला. पण मधीच हसली सुद्धा. मी पाहिलं.

१४ जानेवारी, मंगळवार — संक्रांत

सकाळी टेम्पो. सलग केला, तुकडे न पाडता. उत्तम.

दुपारी घरी हळदीकुंकू. दर्शनी सवयीनं परड्यात गोठ्याकडं जाऊन बसली. दोन्ही वर्षं तशीच बसली होती. बाया जमल्या. बाळाबाई उठली, परड्यात गेली, तिचा हात धरून आत घेऊन आली आणि पहिलं वाण तिच्या ओटीत घातलं. मनुबाई उठून गेली. आणखी एक-दोघी गेल्या. बाकीच्या बसल्या.

संध्याकाळी बाळाबाईला म्हटलं, तुला भ्या न्हाई वाटलं?

म्हणाली, "भ्या कशाचं? तुमी सकाळी रस्त्यानं फिरवताय ते चालतं, आन् मी माज्या सोप्यात बशिवलं तर भ्या?"

२८ जानेवारी, मंगळवार

आज मागं वळून बघावंच लागलं नाही. पावलं ऐकूनच कळत होतं.

७ फेब्रुवारी

परवा सांगलीला शर्यत. बायकांची, दहा किलोमीटर. पहिल्या तिघी पुण्याला राज्याच्या शर्यतीला जाणार. हा आठवडा हलकाच ठेवला. शेवटच्या दिवसांत कमावायचं काही नसतं, घालवायचंच असतं.

बाळाबाई म्हणते, मीबी येती. म्हटलं एस.टी.त मळमळतं तुला. म्हणते, मळमळू दे.

९ फेब्रुवारी, रविवार — सांगली

पाव्हण्यांच्या घरी बसून लिहितोय. बाहेर ओसरीत दर्शनी पाय लांब करून बसलीय, बाळाबाई तेल चोळतेय. नको नको म्हणते, पण पाय काढून घेत नाही.

सकाळी मैदानावर कोल्हापूरच्या पोरी होत्या, अंगात एकसारखे बनियन, उड्या मारून अंग मोकळं करत होत्या. आमची जुन्या ट्रॅकपँटमध्ये. मी एकच सांगितलं — निम्मी वाट मंगळवार समज. पुढं काय करायचं ते तुझं तू बघ, मी सायकल घेऊन येणार नाही.

सुटल्या. आयर्विन पुलावर गेल्या तेव्हा ती सातवी-आठवी असेल. कोल्हापूरच्या तिघी बऱ्याच पुढं. माझ्या शेजारचा गृहस्थ म्हणाला, ती ट्रॅकपँटवाली संपली. मला वाटलं, फार आवरून धरायला शिकवलं का मी? सोडायचं शिकवायचं राहिलं का?

बाळाबाई परतीच्या वाटेवर एका चहाच्या गाड्यापाशी उभी होती. तिचंच ऐकून लिहितो. एक गेली, मग बऱ्याच वेळानं दोघी गेल्या, त्यातल्या मागचीचे पाय वाकडे पडायला लागले होते. "आन् मागनं ही आली. तोंडावर काय न्हाई, शांत. त्या वाकड्या पायाच्या पोरीच्या अंगावरनं अशी गेली जशी काय भाजी आणायला निघालीया. मी हाक मारली. तिनं बघितलंबी न्हाई."

"बघायचं नसतं," मी म्हटलं.

"ठावं हाय," म्हणाली.

शेवटी मैदानात आणखी एकीला गाठलं. दुसरी आली. रेघ ओलांडून दोन हात गुडघ्यावर, मग सरळ उभी राहिली आणि आमच्याकडं चालत आली. बाळाबाईच्या पाया पडली, मग माझ्या. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि काढायचं विसरलो.

शर्यतीसोबत सायकलवर एक पंच होते, कवठे महांकाळच्या हायस्कुलात खेळाचे मास्तर. ज्योतिबा गुरुजी म्हणतात त्यांना. पस्तिशीच्या आतबाहेरचे. मला शोधत आले. "या बाईंना पहिल्या निम्म्यात तुम्ही मागं कसं ठेवलंत? माझी पोरं पहिल्या फर्लांगातच जीव काढतात." मी टेम्पोचं सांगितलं. त्यांनी आमचा पत्ता विचारून घेतला.

१६ फेब्रुवारी

ज्योतिबा गुरुजी उंब्रजला उतरून चालत आले. शाळेतल्या पोरांना टेम्पो कसा लावायचा ते विचारायला. मी निम्मं सांगितलं, निम्मं दर्शनीनं. दुष्काळी भागातला माणूस, आमचा ऊस बघून म्हणाला, इथं पळताना सावली तरी मिळते. जेवून गेले. बोलण्यात आलं — बायको जाऊन तीन वर्षं झाली, मूल नाही.

२ मार्च, रविवार — पुणे

अकरावी आली. रडेल असं वाटलं होतं. नळावर तोंड धुतलं आणि म्हणाली, "मामा, पुढच्या साली टेम्पो थोडा लांबवूया."

१६ मार्च

गुरुजी परत आले. पोरांना चढावर कसं पळवायचं ते विचारायला. दर्शनीनं त्यांना मळ्याच्या वरचा चढ दाखवला. मी बरोबर जायला उठलो, तर बाळाबाईनं धोतराचा सोगा ओढून खाली बसवलं.

ते गेल्यावर म्हणते, "मास्तर हायत, आन् एवढासा टेंपो कळंना व्हय त्यास्नी?"

ती लसूण सोलत होती.

६ एप्रिल, रविवार

गुरुजी आले. आज पोरांचं काही विचारलं नाही. सोप्यात माझ्यासमोर ताठ बसले, म्हणाले, "मी यांच्याशी लग्नाचं बोललोय. यांची हरकत नाही. उद्या वाईला जाऊन यांच्या वडिलांना रीतसर विचारतो. त्याआधी तुमच्या कानावर घालावं म्हणून आलो."

दर्शनी पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी होती. म्हणाली, "वाईला नंतर जाऊ. वडिलांना विचारायचं असेल तर ते समोर बसलेत."

मी हो म्हणालो.