बिनकामाची भेट

मालक, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की सांगलीच्या हळद पेठेत तुमची गादी कुठं होती हे विचारलं, तर निम्मे लोक भलतीकडंच बोट दाखवतील. मी तुमच्याकडं पोती उचलत आलो आणि अडतीचं काम शिकलो. पण खरं सांगायचं तर ते गादीवर शिकलोच नाही. शिकलो ते लढाईच्या वर्षांत, तुमच्या मागं सायकल हाणत इस्लामपूरकडच्या वस्त्यांवर फिरताना. हळद अजून रानात हिरवी असायची, पेठ थंड, आणि तुम्ही म्हणायचा, "चल गड्या, माणसं बघून येऊ."

पहिल्याच वस्तीवर मी घाण केली. चहा यायच्या आतच म्हातारीला विचारलं, "आवं, औंदा हळद किती केलीय?" तुम्ही सगळ्यांदेखत झापलंत. "हळद काय पळून चाललीय व्हय रं? पोरगं पलटणीत हाय तिचं, ते इचार की आधी!" म्हातारी हसली, मग डोळ्यांना पदर लावून पोराचं सांगत बसली. उठेपर्यंत तुम्ही मालाचं अवाक्षर काढलं नाही. शिमग्यानंतर त्या घराची गाडी आपल्याच दारात सुटली. गाडीवान म्हणाला, "आईनं सांगितलंय, दुसरीकडं बैल सोडायचं न्हाई."

तेच मी उचललं. पुढं स्वतःची अडत टाकली तेव्हा माझ्यामागं ना घराणं, ना भांडवल. माझ्या दारात गाडी कोण सोडणार, हीच काळजी. तुम्ही आपण होऊन मला कराडकडच्या गावांत नेलंत. "ह्यो माझाच हाय," एवढंच म्हणायचा. गाड्या आल्या. अजून येतात. लग्नात मला पहिल्या पंगतीला बसवतात.

हिला जाऊन वर्ष झालं. मुलगा मुंबईला असतो. घर खायला उठतं, म्हणून परवा काही कारण नसताना त्याच पहिल्या वस्तीवर गेलो. पलटणीतून परतलेला म्हातारीचा तो पोरगा आता माझ्यासारखाच पिकलाय. म्हटलं, "सहज आलो." तो मोठ्यानं हसला. "तुमी आन् सहज? बसा बसा." आत जाऊन सुपात हळकुंडं घेऊन आला आणि एक मोडून मला आतला रंग दाखवला. मीही सवयीनं वास घेतला, भाव बोललो आणि उठलो. चहा राहिलाच.

तेव्हापासून एक विचारायचं मनात आहे. समोर असता तर विचारलं नसतं. माझी अडत सुरू झाल्यावरही तुम्ही संध्याकाळी आमच्या दोन खोल्यांत येऊन बसायचा, हिच्याकडं झुणका मागायचा, इकडचं तिकडचं बोलत राहायचा. ते माझ्यासाठी होतं, का मी तुमचे इस्लामपूरकडचे शेतकरी फोडू नयेत म्हणून? कराडकडं नेलंत तेही त्यासाठीच का? बोलण्यात काम दडलेलं असलं की मला पहिल्या वाक्यातच ऐकू येतं. पेठेत मला त्यासाठीच वचकून असतात. तुमच्या बोलण्यात तसं कधी ऐकू आलं नाही. पण मालक, तुम्ही दारात दिसलात की मी कान लावून ऐकतच नव्हतो. मला नुसता आनंद व्हायचा.